जुन्या अमेरिकन आर्मी ऑफिसरचा माग कोकणात बसून कसा काढायचा

आपल्याकडे कुलवृत्तांत उघडला की पिढ्या सापडतात, तिकडच्या ऑफिसरसाठी आधी हाइटमनचं रजिस्टर उघडा. १९०३ साली छापलेलं, १७८९ पासूनचे ऑफिसर, कमिशन (ऑफिसर म्हणून नेमणूक) कधी, बढती कधी, नोकरी कधी सोडली सगळं आहे आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं. माणूस वेस्ट पॉइंटचा, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या मिलिटरी अकादमीत शिकलेला असेल तर कलम (Cullum) नावाच्या माणसाचं रजिस्टर बघाच, त्यात पोस्टिंगपण कळतात.

त्याच्या घरच्यांसाठी फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या वेबसाइटवर फ्री अकाउंट काढून अमेरिकेचा सेन्सस (जनगणना) बघा. १८५० पासून घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, पण कोण कोणाचं कोण ते १८८० पासूनच लिहिलंय, आणि १८९० च्या मागे लागू नका, तो आगीमुळे जवळजवळ सगळा गेलाय.

खरा खजिना म्हणजे विधवेची पेन्शन फाइल! तिला लग्न झाल्याचा पुरावा द्यावा लागायचा, म्हणून लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, ओळखीच्यांच्या साक्षी, कधीकधी तर घरच्या बायबलची फाडलेली पानंसुद्धा निघतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजकडून कॉपी मागवता येते, पैसे पडतात, पण खर्च करायचाच तर इथेच करा. आडनावाचं स्पेलिंग बदलून बदलून शोधा, आणि मिळालेलं पान लगेच डाउनलोड करा, पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही.