ल्यूथरची शिकवण आणि चिनी पूरकथा: तौलनिक लघुप्रबंध कसा लिहावा

मराठवाड्यातील विद्यापीठांत पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी ‘ल्यूथरन श्रद्धा आणि प्राचीन चिनी पुराणकथा’ असा ऐसपैस विषय घ्यावासा वाटला, तर नोंदणीपूर्वीच तो आवळावा. जलप्रलय हा एकच प्रसंग पुरेसा आहे. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५३५ ते १५४५ या काळात जर्मनीतील विटेनबर्ग येथे बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकावर व्याख्याने दिली, त्यांत जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचा प्रसंग विस्ताराने येतो. चीनकडे महापूर आवरू पाहणाऱ्या गुन आणि यू या पितापुत्रांची कथा आहे.

त्यानंतर साधनांचे स्वरूप तपासावे, कारण दोन्ही बाजूंची साधने एका जातीची नाहीत. ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार, म्हणजे ल्यूथरन श्रद्धेचे अधिकृत निवेदन, २५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचला गेला; त्याची २८ कलमे असून कोणते मत अधिकृत, हे त्यावरून ठरवता येते. चिनी पुराणकथांना असा एक ग्रंथ नाही. त्या इतिहास, तत्त्वचर्चा व भूवर्णने यांत विखुरलेल्या आहेत. विश्वोत्पत्तीच्या पांगूची कथा सर्वांत जुनी समजून अनेक जण तिच्यापासून आरंभ करतात, पण तिचा लेखी पुरावा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासूनच मिळतो. यू पूर आवरण्यासाठी आठ वर्षे घराबाहेर होता असे कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ मेन्शियस सांगतो, तर इतिहासकार सिमा छियन तेरा वर्षे म्हणतो. ही तफावत मिटवण्याच्या भरीस न पडता ग्रंथ, काळ आणि तपशील असे कोष्टक करून ती जशीच्या तशी नोंदवावी.

खरी कसोटी तुलनेत लागते. ‘शानहायजिंग’ या प्राचीन भूवर्णनग्रंथातील कथेनुसार गुन आपोआप वाढणारी माती आज्ञेविना चोरतो, पाणी अडवू पाहतो आणि मारला जातो, मेन्शियसच्या वर्णनातला यू मात्र नद्यांना वाटा काढून पाणी समुद्राकडे नेतो. (दुष्काळाच्या सवयीने आपण पाणीकथा साठवणुकीच्या बाजूने वाचतो, येथे पाणी घालवायचे आहे, हे ध्यानात असावे.) ल्यूथर कर्मांना गौण मानतो आणि यू कर्मवीर आहे, अशी जोडी लावण्याचा मोह येथेच होतो. ती टिकत नाही. ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकाराच्या चौथ्या कलमानुसार मनुष्य विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, पण सहावे कलम त्याच विश्वासाला सत्कृत्यांचे फळ आलेच पाहिजे असे बजावते. आणि यूचे श्रम तारणासाठी (पापातून मुक्तीसाठी) नसून जमीन राहण्याजोगी व्हावी यासाठी आहेत. नोहाच्या प्रलयामागे मानवाचे पाप आहे, मेन्शियसच्या पुरामागे तसे कारण दिलेले नाही. म्हणून ‘आपत्तीचे कारण कोणते मानले आहे आणि तिच्यातून सुटका कोण करतो?’ एवढाच प्रश्न दोन्ही संहितांना विचारावा.

मूळ चिनी वा लॅटिन येत नसल्यास प्रस्तावनेत तसे स्पष्ट लिहावे, निदान दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचावीत, आणि संदर्भ देताना कलम किंवा प्रकरण यांचा क्रमांक द्यावा. पृष्ठांक आवृत्तीगणिक बदलतात.