जुन्या साहसकथेचं आणि बालरहस्यकथेचं परीक्षण कसं लिहावं

आधी हातातलं पुस्तक नीट पाहा. पूर्ण अनुवाद आहे की संक्षिप्त? स्टीव्हन्सनची साहसकादंबरी ‘ट्रेझर आयलंड’ मुळात ३४ प्रकरणांची आहे. शंभरेक पानांत उरकलेली आवृत्ती वाचून ‘पात्रं उथळ आहेत’ असा शेरा मारला, तर अन्याय लेखकावर होतो आणि कात्री चालवणारा नामानिराळा राहतो.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय करा. कुठे श्वास रोखला गेला, कुठे कंटाळा आला, एवढंच त्या रात्री टिपून ठेवा. परीक्षणाचा जीव या टिपणात असतो.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हवी. साहसकथेत एकच प्रश्न धरून बसा: भीती येते कुठून? ‘ट्रेझर आयलंड’चा पोरवयातला नायक जिम हॉकिन्स जहाजावरच्या सफरचंदांच्या पिंपात शिरलेला असतो आणि बाहेरचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. तिथे तलवार उपसली जात नाही, कुणी धावत नाही. पण जहाजावरचा आचारी लाँग जॉन सिल्व्हर याने ज्या शब्दांत जिमला चढवलं होतं, त्याच शब्दांत तो आता दुसऱ्या पोराला फितवत असतो, आणि जिम ते अंधारात ऐकतो. ‘थरारक प्रसंग’ एवढं लिहून यातलं काहीच पोचत नाही. जागा, अंधार, आवाज आणि ऐकणाऱ्याच्या मनाला बसलेला चटका, हे सगळं कसं रचलंय ते लिहा. गोष्ट कोण सांगतंय तेही पाहा. याच कादंबरीत मध्येच तीन प्रकरणं डॉक्टर लिव्हसी सांगतात, कारण जिम तेव्हा त्यांच्यासोबत नसतो.

रहस्यकथेत दुव्यांचा हिशेब तपासा. जर्मन लेखक एरिश केस्टनरच्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’मध्ये (१९२९) बर्लिनच्या गाडीत छोटा एमिल १४० मार्कांच्या नोटांचं पाकीट कोटाच्या आत टाचणीने टोचून ठेवतो. ती टाचणी आपण डोळ्यांनी पाहिलेली असते, तरी विसरतो. असा प्रत्येक दुवा कोणत्या पानावर आला आणि कोणत्या पानावर कामी आला, ते वहीत मांडा. उलगड्याला लागणारी गोष्ट आधी कुठेच दिसली नसेल, तर लेखकाने छोट्या वाचकाला फसवलंय. मुलांचं पुस्तक म्हणून इथे सूट देऊ नये.

कथानक किती सांगावं? माझा नियम पहिल्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा. पिंपाचा प्रसंग अकराव्या प्रकरणात आहे, म्हणून वर सांगितला. सिल्व्हरचं शेवटी काय होतं ते सांगणार नाही.

खटकलेलंही लिहा. ‘ट्रेझर आयलंड’मध्ये जिमच्या आईखेरीज बाईमाणूस जवळजवळ नाहीच. मात्र पुस्तक १८८३चं आहे, हे त्याच वाक्यात येऊ द्या.

मसुदा दहा-बारा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा. जिथे त्याची चुळबुळ सुरू होईल, ती ओळ खोडा. शेवटी प्रकाशन, पानं, अनुवादक आणि चित्रकार यांची नोंद करा. वाल्टर ट्रियरने काढलेली एमिलची चित्रं एकदा पाहिलीत, तर चित्रकाराचं नाव गाळायला तुमचा हात धजणार नाही.