विद्यापीठाजवळ विद्यार्थी दांपत्याने भाड्याचे सामायिक घर कसे शोधावे

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ पुणे महामार्गावर केगाव येथे असल्याने, दोघेही शिकत असलेल्या दांपत्याने शोधाची सुरुवात केगाव आणि बाळे या भागांतून करावी. आपण विवाहित आहोत आणि दुसऱ्या कुटुंबासोबत घर वाटून घेणार आहोत, हे घरमालकांना पहिल्याच भेटीत सांगावे; नंतर कळले तर उगाच मने दुखावतात.

घर पाहताना खोल्यांपेक्षा पाण्याची चौकशी अधिक करावी, असे माझे ठाम मत आहे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे, टाकी किती लिटरची आहे, बोअर आहे का, आणि पाणी येईल त्या वेळी दोघेही तासाला असाल तर ते कोण भरून ठेवील, हे सोबतच्या कुटुंबाशी आधीच ठरवावे. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली उन्हाळ्यात फार तापते, म्हणून ती दुपारीच पाहावी.

करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. ११ महिन्यांच्या करारालाही हे लागू आहे. त्यात पती-पत्नी दोघांची नावे घालावीत आणि अनामत रक्कम, वीजबिलाची वाटणी, तसेच सोबतचे कुटुंब आधी निघून गेल्यास त्यांच्या वाट्याचे भाडे कोणी भरायचे, हे स्पष्ट लिहून घ्यावे.