बाळाची वाट पाहताना आणि प्रभूची वाट पाहताना: या चुका टाळा

माझ्या पहिल्या बाळंतपणात नववा महिना आणि आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे प्रभूची वाट पाहण्याचे सुमारे चार आठवडे, एकत्र आले होते. दाराशी पिशवी भरून ठेवलेली होती: झबली, टोपडी, आईच्या जुन्या सुती साडीची दुपटी, लंगोट आणि दवाखान्याची फाइल. आगमनाच्या दुसऱ्या रविवारी उपासनेत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शास्त्रपाठ वाचला जात असताना माझ्या ध्यानात आले की, त्या पिशवीतली यादी मी दहा वेळा तपासली होती, पण ज्या बाळासाठी ती भरली त्याच्यासाठी आठवडाभरात एकदाही शांत बसून प्रार्थना केली नव्हती. पुढे मंडळीतल्या तरुण जोडप्यांबरोबर बसू लागल्यावर मला दिसले की ही चूक माझ्या एकटीची नव्हती, आणि बाळाची वाट पाहताना जिथे आपण चुकतो, प्रभूची वाट पाहतानाही नेमके तिथेच चुकतो. त्या चुका आणि त्यांवर मला उपयोगी पडलेले उपाय येथे मांडते.

सामानाला तयारी समजणे

डिसेंबर लागला की आपल्या घरांत रंगकाम निघते, कागदी तारा टांगला जातो, करंज्या-चकल्यांचा घाट घातला जातो, आणि चोवीस तारखेच्या रात्री घरातली बाई इतकी थकलेली असते की मध्यरात्रीच्या उपासनेत तिचे डोळे मिटू लागतात. बाळंतविड्याचेही तसेच होते. पाळणा कोणत्या लाकडाचा, दुपट्याचा रंग कोणता, डोहाळजेवणाला किती माणसे, यांत सातवा आणि आठवा महिना निघून जातो. या गोष्टी वाईट आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. कोणाची तरी वाट पाहणारे हात काहीतरी शिवतातच. परंतु लूकच्या शुभवर्तमानात प्रभूच्या जन्माच्या वेळच्या सामानाचा उल्लेख किती थोडा आहे ते पाहावे. बाळंते आणि गव्हाणी, एवढेच. उतारशाळेत जागा नव्हती, पण जागेचा तो अभाव मरीयेची तयारी अपुरी होती म्हणून झाला असे शुभवर्तमान कोठेही सुचवत नाही. तिची तयारी नऊ महिन्यांपूर्वी, देवदूताला दिलेल्या होकारातच सुरू झाली होती.

सामान वाढत चालले आहे आणि मन रिकामे राहिले आहे असे वाटू लागले, तर मी सांगते की हातांनी बाळाचे काम करताना तोंडाने भलते काही बोलत बसू नका. दुपटे घडी करताना फोन बाजूला ठेवा आणि त्या दुपट्यात गुंडाळल्या जाणाऱ्या जिवाचे नाव, ते अजून ठरले नसेल तर नुसते 'हे बाळ' म्हणून, प्रभूसमोर घ्या. वेगळा वेळ काढायला जमत नाही अशी तक्रार ज्या ज्या आईने माझ्याकडे केली, तिला हाच मार्ग पेलला.

तारखेवर विसंबणे

डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेली असते, आणि प्रत्यक्षात वीसांपैकी साधारण एकच बाळ बरोबर त्या दिवशी जन्माला येते. 37 व्या आठवड्यापासून पुढे कधीही कळा सुरू होऊ शकतात, म्हणून शहाणी माणसे पिशवी आधीच भरतात आणि रात्री गाडी कोण चालवणार हे ठरवून ठेवतात. आगमनकाळाची मात्र आपल्याला इतकी सवय झालेली असते की त्याचा शेवट आपण धरूनच चालतो. तो वर्षानुसार 22 ते 28 दिवसांचा असतो, आणि 25 डिसेंबर काही चुकत नाही. पण ज्या येण्याची हा काळ आठवण करून देतो, ते दुसरे येणे कोणत्या दिवशी आणि कोणत्या घटकेस होईल हे कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींच्या दाखल्याकडे येथे बारकाईने पाहायला हवे, कारण त्याचा अर्थ पुष्कळदा दमलेल्या माणसांवर आणखी ओझे लादण्यासाठी लावला जातो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपी गेल्या. शहाण्या पाचही त्यांत होत्या. प्रभू त्यांना झोपेबद्दल दोष देत नाही. फरक पडला तो तेलाचा: शहाण्यांनी दिव्यांबरोबर भांड्यांत तेल घेतले होते, बाकीच्या पाच जणींनी घेतले नव्हते. ज्या बाईला शेवटच्या महिन्यात कुशीवर वळतानाही श्वास लागतो, आणि बायबल उघडले की दोन ओव्यांत डोळा लागतो, तिला मी हा दाखला मुद्दाम याच बाजूने वाचून दाखवते. झोप येणे ही चूक नव्हे. आपल्या भांड्यात तेल आहे की नाही हे न पाहताच दिव्याच्या उजेडावर समाधान मानणे ही चूक आहे. आणि ते तेल उसने मिळत नाही, हेही त्या दाखल्यात आहे. गरोदर बाईसाठी सासू स्वयंपाक करील, नवरा कपडे धुईल, शेजारीण डिंकाचे लाडू आणून देईल, पण तिच्या वतीने बाळ पोटात दुसरे कोणी वागवू शकत नाही. नवऱ्याच्या प्रार्थनेवर बायकोने किंवा आईच्या विश्वासावर मुलाने जगायचे ठरवले, तर तेथेही असेच अडते.

काही जाणवत नाही म्हणून खचणे

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास कळू लागते, परंतु सोनोग्राफीत हृदयाचे ठोके त्याच्या कितीतरी आधी, सहाव्या-सातव्या आठवड्यातच दिसतात. म्हणजे कित्येक आठवडे आईला काही जाणवत नसते आणि आत जीव मात्र वाढत असतो. प्रार्थनेला बसले तरी मन कोरडे राहते, वचन वाचले तरी काही हलत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मला हे नेहमी सांगावेसे वाटते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आई अलीशिबा हिने गर्भवती झाल्यावर पाच महिने एकांतात काढले. तिचा नवरा जखऱ्या याने तर तो सगळा काळ मुक्याने काढला, आणि आठव्या दिवशी मुलाचे नाव पाटीवर लिहून दिल्यावर त्याची जीभ मोकळी झाली. त्या घरात नऊ महिने मोठ्याने भजन झाले नसेल, पण देवाचे काम चालूच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी झाली, रक्त दिसले, डोके सतत दुखू लागले, हातापायांबरोबर चेहऱ्यावर सूज आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर त्याला विश्वासाची परीक्षा समजून घरी थांबू नये. ताबडतोब दवाखान्यात जावे, आणि प्रार्थना गाडीत करावी. रक्त वाढवण्याच्या गोळ्या घेतल्याने देवावरचा भरवसा कमी होत नाही. भीती वाटणे हेही अविश्वासाचे लक्षण नव्हे. हे कसे होईल, असे मरीयेनेही विचारले होते, आणि देवदूताने तिला रागावण्याऐवजी उत्तर दिले.

एकट्याने तयारी करणे

देवदूत निघून गेल्यावर मरीया घरात बसून राहिली नाही. यहूदीयाच्या डोंगराळ प्रदेशात आपल्या नातलग अलीशिबेकडे ती लगबगीने गेली आणि तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. एक वय उलटून गेलेली, एक अगदी तरुण, आणि दोघीही पहिल्यांदाच आई होणाऱ्या. मरीयेचे अभिवादन ऐकताच अलीशिबेच्या उदरातील बाळाने उडी मारली. गोव्यात 24 जूनला सांजावच्या, म्हणजे त्याच बाळाच्या, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या दिवशी डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून तरुण विहिरींत आणि ओढ्यांत उड्या घेतात, त्या उड्यांचा संबंध या उडीशीच जोडला जातो. दोन गर्भवती बायकांच्या भेटीतला तो आनंद एका भूमीच्या पावसाळ्यात असा मिसळून गेला आहे, याचे मला दरवर्षी नवल वाटते.

आपल्या मंडळ्यांत मात्र गरोदर बाईला बसायला खुर्ची दिली की आपले काम संपले असे मानले जाते. तिला स्वतःची अलीशिबा हवी असते. मुले वाढवलेली, प्रार्थनेत मुरलेली आणि मुख्य म्हणजे ऐकून घेणारी एखादी बाई पाळकांनी किंवा भगिनी मंडळाने तिला जोडून द्यावी, आणि आठवड्यातून एकदा तरी त्या दोघींनी भेटावे.

नवऱ्याची गाठ याहून नाजूक असते. दोघांपैकी एकाचा विश्वास पुढे धावतो आणि दुसऱ्याचा मागे राहतो, मग पुढचा माणूस मागच्याला ओढू लागतो, आणि येणाऱ्या बाळाचा बाप्तिस्मा हा वादाचा विषय होऊन बसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. ताटातुटीचे दुःख, माहेरच्यांचा विरोध आणि स्वतःच्या मनातला झगडा यांतून त्या आपल्या पायांनी चालत आल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांची ती वाट मराठी ख्रिस्ती माणसाने विसरू नये. जोडीदाराच्या मनात विश्वास जन्माला यायचा असेल, तर त्यालाही दिवस भरावे लागतात.

प्रार्थनेचा सौदा करणे

'मुलगा झाला तर अमुक देईन' हे वाक्य ख्रिस्ती घरांतही ऐकू येते, आणि ते ऐकले की मला मनापासून वेदना होते. लिंगनिदान 1994 च्या कायद्याने बंद झाले, पण मनातली निवड कायद्याने जात नाही. जे बाळ देवाने आईच्या उदरात घडवले आहे असे आपण स्तोत्रांत गातो, त्याच्याविषयी अट घालणारी प्रार्थना आगमनकाळात तर मुळीच शोभत नाही.

मांडी रिकामी असलेल्यांना विसरणे

ही चूक व्यक्तीपेक्षा मंडळीची आहे, आणि माझ्या मते सर्वांत क्षमा मागण्याजोगी आहे. सगळा डिसेंबर आपण बाळाची गीते गातो, मुलांना मरीया आणि मेंढपाळ करून उभे करतो, आणि जिचा गर्भ गेल्या पावसाळ्यात गेला, त्या मागच्या बाकावर बसलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही. एखादी वडीलधारी बाई बाहेर पडताना तिला विचारते, 'काय गं, काही गोड बातमी?' शमुवेलाची आई हन्ना मंदिरात ओठ हलवत, आवाज न काढता प्रार्थना करत होती, तेव्हा एली याजकाला ती प्यालेली वाटली. देवाच्या घरात, देवाच्या याजकाकडून तिच्या दुःखाचा असा अर्थ लावला गेला. एलीने निदान तिचे उत्तर ऐकून घेतले आणि तिला शांतीने जा असे म्हटले. आपण निदान तेवढे तरी करावे. आगमनाच्या एका रविवारी गमावलेल्या बाळांसाठी आणि वाट पाहून थकलेल्या जोडप्यांसाठी मध्यस्थीच्या प्रार्थनेत दोन वाक्ये नावे न घेता जोडावीत. गोड बातमीची चौकशी मात्र पूर्णपणे बंद करावी. ज्यांची मांडी रिकामी आहे त्यांची वाट पाहणे कमी प्रतीचे नसते. अलीशिबेचे बहुतेक आयुष्य आणि हन्नेची कित्येक वर्षे त्यातच गेली.

जन्म झाला की तयारी संपली असे मानणे

नाताळचा तारा उतरवला की उपासनेची हजेरीही उतरते, आणि बाळ घरी आले की आईवडिलांची प्रार्थनाही तशीच मागे पडते. पहिल्या आठवड्यांत बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. अशा वेळी पूर्वीसारखे पहाटेचे अर्ध्या तासाचे मनन होईल ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि ते होत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसणे ही त्याहून मोठी चूक आहे. मरीया आणि योसेफ चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास बाळाला मंदिरात घेऊन गेले. त्या दिवसाची आठवण 2 फेब्रुवारीला केली जाते. तेथे प्रभूची वाट पाहत असलेल्या शिमोनाने त्याला हातांत घेतले, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या हन्ना संदेष्ट्रीने (ही शमुवेलाची आई नव्हे) ज्यांना सुटकेची आशा होती त्यांना त्याच्याविषयी सांगितले. जन्मानंतरचे ते चाळीस दिवस त्या घरात कसे गेले हे शुभवर्तमान सांगत नाही. माझी समजूत अशी की इतर कोणत्याही घरासारखेच, अपुऱ्या झोपेत गेले असावेत.

म्हणून मी पाजण्याच्या वेळेलाच प्रार्थनेची वेळ करण्यास सांगते. उशाशी एका कागदावर स्तोत्रातली एकच ओळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी आणि आठवडाभर ती बदलू नये. रात्री तीनला बाळ रडते, कोपऱ्यातला छोटा दिवा लागतो, नवरा पाण्याचा तांब्या जवळ सरकवतो, पान्हा फुटतो, आणि बाळ शांत होईपर्यंत ती ओळ दोघांनी हळू आवाजात म्हणावी.