पहिल्यांदाच कच्च्या, दगडगोट्यांच्या वाटेवर बाइक नेताना

आधी टायरमधली हवा कमी करा. ट्यूबच्या टायरला साधारण १८ ते २० पीएसआय पुरे. हवा त्याहून फार कमी केलीत तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हँडल सैल. आवळून धरलं की पुढचं चाक वाट काढू शकत नाही. नजर दहा-पंधरा मीटर पुढे.

चढावर इंजिन बंद पडलं तर क्लच दाबू नका. नवखे घाबरून नेमकं हेच करतात आणि गाडी मागे घसरते. गिअरमध्येच असू द्या. इंजिन मागचं चाक अडवतं. पुढचा ब्रेक धरून उंच जमिनीच्या बाजूला उतरा. डांबरी रस्त्याआधी हवा पुन्हा भरा.