व्हँपायरने शेवटच्या पानावर माती खाल्ली तर काय करावं

रात्री पावणेदोनला पुस्तक भिंतीवर फेकायचं नाही. पहिली सूचना हीच, कारण मी फेकलं. भिंतीपलीकडे सासूबाई झोपतात. "मांजर शिरलं का गं?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणून बसले, आणि मग त्या उठून दूध झाकलंय का, खिडकी लावलीय का, सगळं बघत हिंडल्या. वर पुस्तक भाचीचं. त्याचा कोपरा दुमडला होता, तो सकाळी सुती कापड ठेवून इस्त्रीने सरळ केला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी पंचवटीत, मालेगाव स्टँडजवळ, ब्लाऊज शिवते. फॉल-बिडिंग, ड्रेस ढिले-घट्ट करणं, जे येईल ते. लग्नसराईत मशीन रात्री अकरापर्यंत चालू असतं, त्यानंतर एक तास माझा वाचायचा. भाचीने एक इंग्रजी कादंबरी आणून दिली. "मावशी, हसून हसून मरशील. व्हँपायरची लव्हस्टोरी आहे." आपल्या मुंजाला पिंपळ पुरतो आणि त्याची मागणी सोडमुंजीची असते. या व्हँपायरला भाड्याचं घर लागतं, कडक इस्त्रीचे कपडे लागतात, आणि जेवायला रक्त.

कादंबरीचं नाव सांगत नाही. कोणाच्या तरी उशाशी ती अर्धी वाचलेली असेल. गोष्ट एवढीच की इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात तीनशे वर्षांचा एक व्हँपायर राहतो आणि त्याचा सुळा ठणकतो. फ्रिजमधलं गार रक्त तोंडात घेतलं की कळ थेट मस्तकात. म्हणून बिचारा दूध तापवायच्या पातेल्यात रक्त कोमट करून पितो. शेवटी नाइलाजाने दाताच्या डॉक्टरीणबाईकडे जातो, तेही दवाखाना बंद झाल्यावर. ती तोंडात छोटा आरसा घालते, तर आरशात तिच्या हातमोज्याखेरीज काहीच नाही! व्हँपायरचं प्रतिबिंब पडत नाही ना. मग तिला दर वेळी वाकून, अगदी जवळ जाऊन बघावं लागतं, आणि त्याला मान डावीकडे वळवून दिव्याखाली धरावी लागते. प्रेम तिथेच जमतं. त्या रूट कॅनालच्या प्रकरणाला मी इतकी हसले की बॉबिन हातातून सुटून कपाटाखाली गेलं.

आणि मग शेवटची सात पानं. कुठलासा काढा पिऊन तो माणूस होतो, समुद्रावर सूर्य उगवतो, ती धावत येते. तो तिच्याकडे बघून म्हणतो, "माफ करा, आपण आधी भेटलोय का?" समाप्त. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तर करायचं काय? पाणी प्या, दिवा घालवा, झोपा. रात्री केलेला कुठलाही विचार सकाळी उसवावा लागतो, मग तो ब्लाऊजचा असो की कादंबरीचा.

सकाळी पुस्तक खरंच संपलंय का ते बघा. कणा, पहिली दोन पानं, शेवटची दोन पानं. हल्ली या जातीच्या कादंबऱ्या मालिकेत येतात, आणि "भाग १" एवढुशा अक्षरात छापलेलं असतं. शेवटी पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण जोडलेलं असेल तर लगेच हुरळून जाऊ नका, त्यात बरेचदा दुसरंच जोडपं असतं. माझ्यात काहीच नव्हतं. पुढचा भाग निघणार असेल तर हे सगळं वाचायची गरज नाही, तुम्ही वाट बघा.

आता दुखणं नेमकं कोणतं ते ओळखायचं. गिऱ्हाईक येऊन "बिघडलाय" एवढंच म्हणतं. बिघडलाय म्हणजे काय? गळा मोठा झाला, मुंढा (बाही जोडतात तो घेर) काचतो, की रंगच आवडला नाही? रंग आवडला नसेल तर त्यात माझ्या हातात काही नसतं. शेवटाचंही तसंच. एक असतो दुःखी शेवट. तो आवडत नाही, पण त्यात खोट असेलच असं नाही. दुसरा उघडा सोडलेला. आपला वेताळ बघा. गोष्ट रंगवून सांगतो, प्रश्न टाकतो, राजा बोलला की पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो. पण चिडतं का कोणी? नाही, कारण बोललास तर मी परत जाणार हे त्याने आधीच सांगितलेलं असतं. आणि शेवटच्या गोष्टीला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यानेच काम होतं. पंचवीस वेळा लोंबकळून शेवटी नीट टाका घातलाय की नाही?

तिसरा प्रकार फसवणुकीचा, आणि खरं दुखणं तिथे असतं. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने रोमान्सची व्याख्याच करून ठेवली आहे: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि मनाचं समाधान करणारा, आशा ठेवणारा शेवट. म्हणजे मुखपृष्ठावर रोमान्स म्हणून विकलं तर तेवढं देणं लागतंच. पैठणीचा ब्लाऊज म्हणून घेतला आणि आतून पॉलिएस्टर निघालं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

फसवणूक कुठे झाली ते शोधायला एक कागद घ्या आणि त्या पुस्तकातल्या व्हँपायरचे नियम लिहा. त्या पुस्तकातलेच, ऐकीव नकोत. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळी किल्ली इथेच आहे, कारण प्रत्येक लेखक व्हँपायर आपल्या मापाने बेततो. सगळ्यांना वाटतं की ऊन लागलं की व्हँपायर मरतो. 1897 च्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत तसं नाही. तो भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो, फक्त दिवसा त्याची शक्ती कमी असते. उन्हाने मरणं लोकांच्या डोक्यात बसलं ते 1922 च्या एका जर्मन मूकपटापासून. आणि ड्रॅक्युला शेवटी लाकडी खुंटीनेही मरत नाही. एकाची कुकरी गळ्यावर, दुसऱ्याचा सुरा काळजात. आपल्याकडच्या गुरख्यांची कुकरी! हे वाचलं तेव्हा मी मशीनवर बसल्या बसल्या टाळी दिली होती. आरशात न दिसणं मात्र त्यातही आहे, दाढी करताना पाहुण्याच्या ते लक्षात येतं. शिवाय घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा आत येऊ शकत नाही, वाहतं पाणी भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळेलाच ओलांडू शकतो, आणि झोपायला आपल्या गावची माती लागते, म्हणून पन्नास पेट्या माती घेऊन इंग्लंडला येतो.

यातले दोन नियम नाशकात आणून बघितले. बोलावण्याचा नियम इथे पहिल्याच दिवशी मोडतो, कारण दारात कोणीही उभं राहिलं की सासूबाई "या, बसा, चहा टाकते" म्हणतात. वाहत्या पाण्याचा नियम मात्र भारी पडेल. माझ्यासारखा पंचवटीत राहणारा व्हँपायर होळकर पूल ओलांडून टिळक पथावर सार्वजनिक वाचनालयात जाऊच शकणार नाही. 1840 सालचं वाचनालय हाकेच्या अंतरावर, आणि हा रामकुंडाशी बसून गोदावरीला पाणी कधी कमी होतंय याची वाट बघतोय. मिसळीतल्या लसणाचं तर बोलायलाच नको.

असो. माझ्या कागदावर सहा नियम आले. त्यातला चौथा पान 9 वर होता. व्हँपायर म्हणतो, "आमच्या जातीला विसरता येत नाही, हीच आमची शिक्षा." पुढे पुराव्यादाखल तो 1740 सालचं खोलीभाडं सांगतो आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नावही. सापडलं! तीनशे वर्षांपूर्वीचं भाडं पै-पैशासकट आठवणारा माणूस शेवटच्या पानावर बायको होणारीला विसरतो, आणि का विसरतो याबद्दल अख्ख्या पुस्तकात एक ओळ नाही. काढ्याने विसर पडतो असं कोणीतरी शंभर पानं आधी म्हणायला हवं होतं. मग तो नुसता दुःखी शेवट झाला असता, मी रडले असते, फेकाफेक केली नसती.

आता दुरुस्ती. नवीन शिकणाऱ्या मुली चूक दिसते तिथेच टीप मारतात. बाही ओढली जातेय, तर बाहीलाच चुणी घालतात. बाही ओढली जाते ती मुंढा चुकल्यामुळे, म्हणून ब्लेड घेऊन मुंढ्यापर्यंत उसवत जायचं. पुस्तकातही शेवटच्या पानावर नवा शेवट चिकटवायला जाऊ नका. भाचीने तेच केलं होतं. "त्याला सगळं आठवलं आणि त्याने तिला मिठी मारली." म्हणजे काढाही फुकट आणि सात पानंही फुकट. मागे जा. शेवटचं असं पान शोधा जिथपर्यंत सगळं खरं वाटत होतं. माझ्यासाठी ते काढा पिण्याच्या आधीचं पान होतं. तिथे पेन्सिलीने खूण करा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर खूण म्हणून दोरा ठेवा, पेन्सिल लावू नका.

मग माया शोधा. शिवणात आम्ही आतल्या बाजूला जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. माया असेल तर बारा वर्षांनीही ब्लाऊज सैल करता येतो. माया सोडली नसेल तर ब्रह्मदेव आला तरी नाही. चांगल्या लेखिकेच्या हातून, शेवट चुकला तरी, आत कुठेतरी माया सुटलेली असते. गमतीसाठी घातलेली एखादी वस्तू, दोनदा आलेली एखादी लकब, नंतर कोणी विचारलं नाही असं काहीतरी. बाहेरचं कापड जोडायचं नाही. नवी जादू, नवी आत्या, जुळा भाऊ, काही नाही. ठिगळ लांबूनही दिसतं.

मी दोन रात्री मधली प्रकरणं चाळली. काढ्याने डोक्यातलं पुसलं, ठीक आहे, तो लेखिकेचा हट्ट, ठेवू या. पण मानेचं काय? आरशात दात दिसत नाही म्हणून तो दर वेळी न सांगता मान डावीकडे वळवून दिव्याखाली धरतो. पुस्तकात मी मोजलं, अकरा वेळा. ही झाली माया.

मग बिलबुकातलं एक पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं. एकच पान वापरायचं, हेही सांगून ठेवते, कारण दुरुस्तीचं कापड मूळ कपड्याहून मोठं झालं की त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. माझ्या पानावर एवढंच आहे: "आपण आधी भेटलोय का?" याला ती उत्तर देत नाही. महिनाभराने तो दवाखान्यात येतो, दिवसा, नवा पेशंट म्हणून, रीतसर नंबर लावून. ती आरसा उचलते. काही सांगायच्या आत तो मान डावीकडे वळवतो. आता त्याची गरज नसते, कारण आरशात दात स्वच्छ दिसतोय, तिनेच भरलेला. "तुम्ही मान अशी का वळवलीत?" ती विचारते. तोंडात आरसा असल्यामुळे त्याला बोलता येत नाही. संपलं.

वाईट शेवट बदलणं म्हणजे लेखकाचा अपमान, असं मानणारे भेटतील. त्यांना सांगा की डिकन्ससारख्या माणसाने 1861 मध्ये एका लेखकमित्राच्या सांगण्यावरून आपल्या कादंबरीचा शेवट छापण्याआधी बदलला, आणि त्यातला कोणता बरा यावर लोक अजून भांडतात.

लिहून झालं की ज्याने पुस्तक वाचलेलं नाही अशा कोणाला तरी सांगून बघा. हा ट्रायल. वाचलेल्यांना सांगितलं तर ते नसलेले दुवे मनातल्या मनात भरून घेतात. मी सासूबाईंना सांगितलं, मटार सोलता सोलता. डॉक्टरीणबाईचं सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. मान वळवण्यापाशी आल्यावर हात थांबला. "मग ओळखणारच की तिला," त्या म्हणाल्या. "आमचे हे शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते, पण चहाची बशी माझ्याच बाजूला सरकवायचे." आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या. मी नंतर त्या पानातला एक शब्दही बदलला नाही.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. ज्यांना पुस्तक पुढे देणार त्यांना आधी एवढंच सांगा की शेवटची सात पानं दिवसा वाच. काय होतं ते सांगू नका. ऑनलाइन एकच तारा देऊन पार्सल उशिरा आल्याचा राग लेखिकेवर काढू नका. आणि शेवट फसला म्हणून आधीचं हसू परत करायची गरज नाही. रूट कॅनालचं प्रकरण मी अजूनही मधूनच काढून वाचते, म्हणजे वाचत होते, पुस्तक घरात होतं तोवर.

कारण भाचीने ते नेलं आणि तिच्या मैत्रिणीला दिलं. माझं बिलबुकाचं पान आतच राहिलं होतं. आठवड्याने मैत्रिणीचा निरोप आला: शेवट खूप आवडला, पण मागच्या बाजूला "मुंढा काचतो, दोन्ही बाजूंनी अर्धा इंच, शुक्रवारी नक्की" असं लिहिलंय, ते व्हँपायरचं आहे का?