पुन्हा अभ्यासाला बसताना: मानसशास्त्राची ऑनलाइन पूर्वतयारी

बऱ्याच वर्षांनी मानसशास्त्राकडे वळणाऱ्या अनेकांच्या डोक्यात समुपदेशन असतं. पदवीच्या पहिल्या वर्षात मात्र समुपदेशन थोडंच असतं. तिथे मेंदू, स्मृती, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र यांचा भरणा असतो. तयारीही त्याच अंगाने करावी.

१. प्रवेशाच्या अटी आधी पाहा

जुन्या गुणपत्रिका चालतात का, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा मार्ग आहे का, हे विद्यापीठाला लेखी विचारा. ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र प्रवेशाला पुरतंच असं नाही. पुढे व्यवसाय करायचा असेल, तर त्या पदवीला परवाना देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का, तेही याच वेळी बघा.

२. एकच कोर्स, एकच पुस्तक

येल विद्यापीठातली पॉल ब्लूम यांची प्रास्ताविक व्याख्यानं मोफत ऐकता येतात आणि ओपनस्टॅक्स या ऑनलाइन प्रकाशनाचं मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तकही मोफत आहे. एवढं पुरे. पाच कोर्सना नाव नोंदवून एकही पुरा न करणं हा ऑनलाइन शिक्षणातला जुनाच रोग आहे.

३. व्हिडिओ बंद करून लिहा

व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली निष्कर्ष छापले: विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवणाऱ्यांनी बाजी मारली.

म्हणून व्याख्यान संपलं की कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरा. हेच दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने करा. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा रोजचा पाऊण तास बरा, कारण अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते.

मोठ्या वयात अनुभवाची शिदोरी असते, त्यामुळे नवं ज्ञान अडकवायला खुंट्या मिळतात. पण तोच अनुभव आडवाही येतो. ‘आमच्या आत्याचं तर असं नव्हतं’ हे एका माणसाचं उदाहरण झालं, पुरावा नव्हे.

४. संख्याशास्त्राची भीती आधीच मोडा

सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते) आणि पी-मूल्य या चार गोष्टी समजल्या की पहिलं सत्र बरंच हलकं होतं. पी-मूल्याबाबत गोंधळ फार. मुळात काहीच फरक नसेल, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच ते सांगतं. आपलं गृहीतक खरं असण्याची शक्यता ते सांगत नाही. जॅस्प किंवा जामोवी हे संख्याशास्त्राचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, काही आठवडे रोजची झोप आणि पाठ केलेल्या यादीतले आठवलेले शब्द यांची नोंद ठेवा आणि आलेख काढा. दोन्ही सोबत वाढले तरी एकामुळे दुसरं वाढलं असं ठरत नाही, हे स्वतःच्याच आकड्यांत लवकर पटतं.

५. शोधनिबंध संशयाने वाचा

२०१५ साली १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय (पी-मूल्य पुरेसं लहान असलेले) निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच आले. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवणारा १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग आजही कितीतरी व्हिडिओंत वेदवाक्यासारखा सांगतात, त्यावरची गंभीर टीका मात्र गाळतात. निबंध वाचताना सारांशानंतर थेट पद्धतीकडे वळा: माणसं किती, कोण होती, नेमकं काय मोजलं? मग दोनशे शब्दांत स्वतःच्या भाषेत टिपण लिहा.

प्रवेश अर्जात ‘मला लोकांना मदत करायची आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाचं असतं. तिथे तुम्ही वाचलेला एखादा अभ्यास आणि त्यातली तुम्हाला खटकलेली जागा लिहा.